लग्न आपलं, कॅमेरा त्यांचा. मग फोटो कोणाचे?

मागच्या माघात माझ्या भाचीचं लग्न झालं, वर्धा रोडवरच्या एका लॉनवर. दोन-अडीच महिन्यांनी एका संध्याकाळी तिचा फोन आला. "मावशी, मानेवाडा चौकात माझा बॅनर लागलाय." तिच्या मैत्रिणीनं गाडी थांबवून तो टिपून पाठवला होता. लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओचा मोठा फ्लेक्स, त्यावर अंतरपाट खाली आला त्या क्षणाचा हिचा चेहरा, डोळे भरून आलेले, आणि शेजारी 'बुकिंग सुरू' लिहून मोबाइल नंबर. तिला कोणी विचारलं नव्हतं. सासरी नाराजी होती. जावई समजुतीच्या सुरात म्हणत होते, "फोटो त्यांनी काढलाय, म्हणजे तो त्यांचाच असणार ना."

त्याच अल्बममधून दुसरा प्रश्न निघाला. लग्नानंतर महिन्याभरानं आमचे आबा गेले. त्या लग्नात फेटा बांधून, अक्षता टाकायला हात उचललेला त्यांचा एक फोटो आहे. इतका मनमोकळा हसरा फोटो त्यांचा दुसरा नाही. ताईनं अल्बममधलं ते पान सीताबर्डीतल्या एका प्रिंटवाल्याकडे मोठं करायला नेलं. त्यानं कोपऱ्यातलं स्टुडिओचं नाव पाहिलं आणि परत केलं. "मॅडम, यात कॉपीराइट लागतो. ज्यांनी काढला त्यांच्याकडूनच करून घ्या."

मी वकिली करते आणि दर लग्नसराईनंतर असे प्रश्न माझ्याकडे येतात. जावयांना आणि प्रिंटवाल्याला जे वाटलं, तेच बहुतेकांना वाटतं. पण भारतातला कायदा तसा नाही. वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पैसे देऊन काढून घेतलेल्या लग्नाच्या फोटोंचा पहिला मालक फोटोग्राफर नसतो. ज्यानं ते काम सांगितलं, तो असतो. या एका वाक्यात 'वेगळं काही ठरलेलं नसेल तर' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत, त्यांच्याकडे पुढे येतेच.

आधी बगीचा, बहार आणि पिशवीतली संत्री

कॉपीराइटला मराठीत प्रताधिकार म्हणतात, पण बोलण्यात कॉपीराइटच रुळलाय, मीही तोच शब्द वापरते. फोटोपुरता त्याचा अर्थ असा: त्या फोटोच्या प्रती काढणं, छापणं, लोकांमध्ये वाटणं, इंटरनेटवर टाकणं, त्यापासून आणखी काही बनवणं, हे सगळं करण्याचा आणि दुसऱ्याला करू द्यायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क.

हा हक्क डोळ्यांना दिसत नाही, म्हणून गोंधळ होतो. काटोल-नरखेडकडचा एखादा संत्र्याचा बगीचा आठवा. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर. आंबिया बहार झाडावर असतानाच व्यापारी येतो, सौदा करतो. त्या हंगामाची फळं त्याची झाली, झाडं मात्र झाली नाहीत. फळं कळमन्याच्या बाजारात जातात आणि शेवटी आपण डझनभर संत्री पिशवीतून घरी आणतो. ती सोलून खा, पाहुण्यांना द्या, ज्यूस काढा, कोणी विचारणार नाही. पण पिशवीत संत्री आहेत म्हणून बगीच्यात जाऊन झाड हलवता येत नाही.

फोटोत कॉपीराइट म्हणजे बगीचा. मर्यादित कामासाठी दिलेली परवानगी, कायद्याच्या भाषेत परवाना, म्हणजे एका हंगामाचा बहार. आणि अल्बम, फ्रेम, पेन ड्राइव्हवरची फाइल म्हणजे पिशवीतली संत्री. तिन्हींचे मालक वेगवेगळे असू शकतात. फोटोवरून होणारं जवळजवळ प्रत्येक भांडण यातल्या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे झालेलं असतं.

हा सातबारा तयार करायला कोणत्याही कार्यालयात जावं लागत नाही. बटण दाबलं, फोटो निघाला, की हक्क जन्माला आला. नोंदणी करता येते, पण सक्तीची नाही. फोटो कलात्मक असावा अशीही अट नाही. जेवणाच्या पंगतीतला हललेला फोटोसुद्धा कायद्यापुढे 'कलाकृती'च आहे.

सातबाऱ्यावर पहिलं नाव कोणाचं?

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू आहे. त्यात 'कर्ता' आणि 'मालक' या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस. यात वाद नाही. साधारणपणे कर्ता हाच पहिला मालक असतो. पण कलम १७ मध्ये काही अपवाद दिलेत आणि त्यातला एक थेट आपल्या मांडवात येऊन उभा राहतो: कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर विरुद्ध करार नसेल त्या स्थितीत सांगणारी व्यक्ती पहिली मालक. फोटोबरोबर व्यक्तिचित्र, म्हणजे पैसे देऊन काढून घेतलेलं पोर्ट्रेट, आणि चित्रफीतही याच नियमात बसते. म्हणजे लग्नाचा व्हिडिओसुद्धा.

यात दोन गोष्टी एकत्र हव्यात. कोणी तरी काम सांगितलेलं हवं आणि त्याचा मोबदला ठरलेला हवा. यातली एक नसली, की सातबारा पुन्हा कर्त्याकडे जातो. म्हणून हौसेनं डीएसएलआर घेऊन फिरणाऱ्या मावसभावानं फुकट काढलेले फोटो त्याचे. आत्यानं मोबाइलवर काढलेला हळदीचा फोटो आत्याचा. त्यात तुम्ही आहात, हळद तुमची आहे, आत्याही तुमचीच आहे. तरी त्या फोटोचा कॉपीराइट आत्याकडे.

"पण गुगलवर तर उलटं लिहिलंय"

लिहिलंय, कारण इंटरनेटवरचा बराचसा मजकूर अमेरिका आणि ब्रिटनमधून येतो. अमेरिकेत करार नसेल तर लग्नाच्या फोटोंचा कॉपीराइट सामान्यतः फोटोग्राफरकडेच राहतो. ब्रिटनची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. आपला नियम मुळात तिथूनच आला. त्यांच्या १९११ च्या कायद्यात काम सांगून मोबदला देणारा मालक, असंच होतं, आणि १९१४ च्या कायद्यानं ते इथे लागू झालं. पुढे त्यांनी १९८८ च्या कायद्यानं तो नियम सोडला आणि फोटोग्राफरला मालकी दिली, आपण ठेवला. कॅनडानंही २०१२ मध्ये सोडला. ऑस्ट्रेलियानं मधला रस्ता काढला: १९९८ पासून तिथे सांगून काढलेल्या इतर फोटोंची मालकी फोटोग्राफरची, पण घरगुती, खासगी कारणासाठीचे फोटो, म्हणजे लग्नाचे वगैरे, ग्राहकाचे.

त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला कराराचा नमुना इथल्या स्टुडिओत वापरला जातो, ग्राहकही तोच वाचतो, आणि दोघांनाही वाटतं की कायदाच तसा आहे.

"निगेटिव्ह तर त्यांच्याकडे असायची!"

हा आक्षेप ज्येष्ठ मंडळी घेतात आणि त्यात तथ्य आहे. रोलच्या काळात स्टुडिओवाला प्रिंट द्यायचा, निगेटिव्ह स्वतःच्या कपाटात ठेवायचा. आणखी कॉपी हवी तर त्याच्याकडेच जायचं. आमच्या आईच्या लग्नाच्या फोटोंमागे तर पेन्सिलनं निगेटिव्हचा नंबर लिहिलेला आहे, पुढच्या प्रिंटसाठी. पिढ्यान्‌पिढ्या हे पाहिल्यावर 'निगेटिव्ह ज्याची, हक्क त्याचा' असं मनात बसणारच.

पण तो हक्क नव्हता, ती सोय होती. निगेटिव्ह ही वस्तू आणि कॉपीराइट हा हक्क. काठी शेजाऱ्याकडे राहिली म्हणून आंब्याचं झाड शेजाऱ्याचं होत नाही; फक्त आंबा पाडायचा तर त्याच्या दारात जावं लागतं. आज निगेटिव्हची जागा हार्ड डिस्कनं घेतलीय. समज मात्र तोच राहिला.

सांगितलं कोणी? मुलीनं, बापानं की लॉनवाल्यानं?

माझ्या मते हा सगळ्या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, म्हणून इथे जरा थांबते.

भाचीचा फोन आल्यावर मी ताईला आधी पावती शोधायला सांगितली. पावती सापडली, लग्नपत्रिकांच्या उरलेल्या गठ्ठ्यात. गुलाबी कार्बन कॉपी, शाई अर्धी उडालेली. वर भाऊजींचं नाव. खाली हातानं लिहिलेलं: दोन कॅमेरे, एक कॅन्डिड, एक व्हिडिओ, ड्रोन वरातीपुरता, करिज्मा अल्बम दोन. आणि तळाशी छापील तीन ओळी: 'अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही. जेवणाची सोय पार्टीकडे. डेटा तीन महिनेच ठेवला जाईल.' कॉपीराइटचा शब्द नाही. म्हणजे विरुद्ध करार नाही. म्हणजे मालक भाऊजी.

भाची नव्हे. तिच्या डोळ्यांतलं पाणी, तिचा चेहरा, तिचं लग्न. पण काम सांगितलं बापानं, पैसे दिले बापानं, तर कॉपीराइट बापाचा. स्टुडिओला पत्र भाऊजींच्या नावानं पाठवावं लागलं. कायद्याला यात काही वावगं दिसत नाही, मला मात्र ते खटकतं. एवढ्याचसाठी मी आता सांगत असते की बुकिंगच्या पावतीवर वधू-वरांची नावं घाला.

आपल्याकडे बहुतेक लग्नांत दोन्ही पक्षांचे फोटोग्राफर वेगळे असतात. वराकडच्या कॅमेऱ्यानं टिपलेले मुलीच्या पाठवणीचे फोटो वरपक्षाच्या मालकीचे. सगळं गोडीत असतं तोवर अल्बम इकडून तिकडे जातात. संसार मोडला तर मुलीला स्वतःच्या लग्नातल्या आईवडिलांच्या फोटोसाठी समोरच्या वकिलाकडे मागणी करावी लागते. मी अशी मागणी केलेली आहे. मामानं भाचीला आहेर म्हणून फोटोग्राफर लावून दिला, तर पहिला मालक मामा. त्यानं नंतर तो हक्क भाचीला लिहून द्यावा.

लॉनवाल्यांची पॅकेजं हा नवा गुंता. जेवण, डेकोरेशन, फोटो सगळं एकाच आकड्यात. इथे तुम्ही लॉनला सांगता आणि लॉन फोटोग्राफरला सांगतो. 'सांगणारा' कोण, यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. स्टुडिओकडे रोजावर येणाऱ्या मुलांचंही तेच. लग्नसराईत एका स्टुडिओचे तीन कार्यक्रम एका मुहूर्तावर असतात, मग बाहेरची मुलं घेतली जातात. पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंत कायदा नोकराऐवजी मालकाला धरतो, पण रोजावरचा मुलगा नोकर नसतो. अशा साखळीत एकच उपाय आहे: 'फोटो व व्हिडिओचे सर्व हक्क अमुक यांचे' ही ओळ पॅकेजच्या कागदावर लिहून घेणं.

एका सहीनं सातबारा फिरतो

आता त्या 'वेगळं काही ठरलेलं नसेल तर' कडे. कायद्यानं दिलेली ही मालकी करारानं उलटवता येते. 'सर्व छायाचित्रांचा कॉपीराइट स्टुडिओकडे राहील' असं लिहिलेल्या कागदावर तुम्ही सही केलीत, तर पहिला मालक स्टुडिओ. मग तुमच्याकडे पिशवीतली संत्री आणि कागदात दिली असेल तेवढी परवानगी. यात बेकायदा काहीच नाही आणि फोटोग्राफर फसवतोय असंही नाही. त्यानं त्याची अट सांगितली, तुम्ही मान्य केली.

पण अनेकदा ती अट सांगितलेलीच नसते. कधी ती काम झाल्यावर दिलेल्या बिलामागे असते, कधी अल्बमच्या शेवटच्या पानावर. करार म्हणजे दोघांची संमती. पैसे देऊन, लग्न होऊन गेल्यावर हातात पडलेल्या कागदावरची बारीक ओळ ही तुमची संमती होती, हे सिद्ध करणं स्टुडिओला जड जातं. फोटोच्या कोपऱ्यातलं नाव किंवा वॉटरमार्क हाही करार नव्हे. तो फोटो कोणी काढला ते सांगतो. कोणाचा आहे, ते नाही.

एकदा सही करून मालकी स्टुडिओला दिली आणि नंतर ती परत लिहून घ्यायची वेळ आली, तर एक बारकावा लक्षात ठेवा. कॉपीराइट दुसऱ्याला देण्याचा कागद लेखी आणि सही केलेला लागतो. त्यात किती काळासाठी हे लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारत. मुलगी जावयासोबत जर्मनीला असेल आणि कागदावर नुसतं 'हक्क दिले' असेल, तर तो कागद अपुरा. 'कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी' एवढे शब्द घाला.

"मालक मी, तर रॉ फाइल्स द्या"

इथे मात्र मला ग्राहकांना थांबवावं लागतं.

रॉ म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली, रंग-उजेड न सुधारलेली मूळ फाइल. कॉपीराइट तुमचा आहे याचा अर्थ फोटोग्राफरच्या हार्ड डिस्कवरची प्रत्येक फाइल तुमच्या हाती द्यायला तो बांधील आहे असा होत नाही. बगीचा तुमचा, तरी व्यापाऱ्याचे कॅरेट तुमचे नाहीत. काय द्यायचं ठरलं होतं? दोन अल्बम, एक व्हिडिओ, निवडक फोटो पेन ड्राइव्हवर? तर तेवढं मिळालंच पाहिजे. रॉ ठरले नव्हते, तर ते मागण्याची तुमची बाजू दुबळी. जन्मभर सांभाळून ठेवण्याची जबाबदारीही त्याच्यावर आपोआप येत नाही. म्हणून ती 'तीन महिने' वाली ओळ हलकी समजू नका.

आम्ही ती पावती वाचली तेव्हा तीन महिने पूर्ण व्हायला नऊ दिवस होते. फ्लेक्सचं पत्र नंतर, आधी आबांचा फोटो. मी स्वतः स्टुडिओत गेले. वादाचं काही बोलले नाही. नवीन हार्ड डिस्क समोर ठेवली आणि विचारलं, तुमच्याकडे आहे तेवढं सगळं देता येईल का, वेळेचे पैसे घ्या. संगणकावर बसलेल्या मुलानं फोल्डर उघडला. त्या एका क्षणाचे सलग सात फोटो होते. पहिल्या दोनांत आबांचा हात खाली, तिसऱ्यात वर जातोय, चौथा अल्बममधला. सहाव्यात अक्षता सुटलेल्या, मूठ उघडी, आणि ते भाचीकडे नाही तर आईकडे बघताहेत. अल्बमसाठी तो निवडलाच गेला नव्हता, कारण मागे कोणाचा तरी हात आडवा आलेला.

फोटोग्राफरचं काहीच नाही का?

आहे, आणि मला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत हा माणूस उभा असतो. पंगत उठल्यावर, थंड झालेल्या वडा-भातावर त्याचं जेवण. पुढे कित्येक रात्री हजारोंतून शेकडे निवडणं, रंग जुळवणं.

मालकी तुमची असली तरी कर्ता तोच राहतो, आणि कलम ५७ कर्त्याला दोन खास हक्क देतं, जे मालकी दुसऱ्याकडे गेल्यावरही त्याच्याकडेच राहतात. हे काम माझं आहे, असं सांगण्याचा हक्क. आणि त्याच्या नावाला बट्टा लागेल अशी फोटोची मोडतोड कोणी केली तर आक्षेप घेण्याचा हक्क. म्हणून त्याचं नाव कापून, दुसऱ्याचं टाकून फोटो फिरवू नका. इन्स्टाग्रामवर टाकताना त्याचं नाव लिहा.

त्याला कामाचे नमुने दाखवायची गरज असते, हेही खरं. नमुन्यांशिवाय पुढचं गिऱ्हाईक येणार कसं? पण फोटो लोकांपुढे आणणं, छापणं, जाहिरातीत वापरणं हे मालकाच्या हक्कात येतं, त्यामुळे परवानगी लागते, आणि कायदा ती लेखी मागतो. माझं मत असं की ही परवानगी मोकळ्या मनानं द्यावी, पण कोणते फोटो, कुठे आणि किती, हे ठरवून. विचारणारा फोटोग्राफर आणि न विचारता फ्लेक्स लावणारा, यांच्यात मोठं अंतर आहे.

चेहऱ्याचा हक्क वेगळा

समजा कॉपीराइट सही करून स्टुडिओला दिलेला आहे. तरी तो वाटेल तिथे फोटो लावू शकतो का? याचं उत्तर कॉपीराइटमध्ये शोधू नका, ते खासगीपणात आहे. १९९४ च्या आर. राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नागरिकाला स्वतःचं, कुटुंबाचं, लग्नाचं खासगीपण जपण्याचा हक्क आहे आणि संमतीशिवाय त्याबद्दल काही प्रसिद्ध करता येत नाही. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणाला मूलभूत हक्क म्हणून मान्यता दिली. ब्रिटननं मालकी फोटोग्राफरला देतानाही, खासगी, घरगुती कारणासाठी काढून घेतलेले फोटो प्रसिद्ध होऊ न देण्याचा हक्क ग्राहकाकडे ठेवला, तो याच कारणासाठी.

म्हणून आम्ही पत्रात दोन्ही मुद्दे घातले. सही दोघांची: कॉपीराइटसाठी भाऊजींची, चेहऱ्यासाठी भाचीची. कॉपीराइटचा भंग जाणूनबुजून केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद कायद्यात आहे, मालकाला स्वतः राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावाही लावता येतो. पहिल्याच पत्रात हे सगळं काढायची गरज नसते. आम्ही काढलं नाही. साध्या मराठीत लिहिलं, फ्लेक्स उतरवा आणि यापुढे विचारल्याशिवाय वापरू नका. चौथ्या दिवशी फ्लेक्स उतरला.

व्हिडिओतली गाणी

लॉनवर वरातीत सिनेमाचं गाणं वाजवलं तर कॉपीराइटचा भंग होत नाही. धार्मिक समारंभाला कायद्यात सूट आहे आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सामाजिक कार्यक्रम त्यात धरलेत. पण तेच गाणं लग्नाच्या टीझरमागे जोडून यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट. ती सूट समारंभापुरती आहे, व्हिडिओपुरती नाही. म्हणून व्हिडिओ अचानक मुका होतो किंवा काढला जातो. व्हिडिओची मालकी तुमची असली तरी त्यातल्या गाण्याची नाही. टीझरला कोणतं संगीत लावणार आणि त्याची परवानगी आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा.

फोटो मिळालेच नाहीत तर

हा प्रश्न कॉपीराइटचा नाही, सेवेतल्या त्रुटीचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. पावती, हिशेबाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, यूपीआयचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. आणि उलट बाजूही सांगते: उरलेले पैसे न देता अल्बमसाठी तगादा लावणारी घरंही मी पाहिली आहेत. त्यांचा खटला मी घेत नाही.

कपाटातले जुने अल्बम

आता पुन्हा सीताबर्डीच्या त्या प्रिंटवाल्याकडे. त्याची भीती समजण्यासारखी आहे. पण १९७८ साली आजोबांनी पैसे देऊन काढून घेतलेल्या लग्नाच्या फोटोंनाही हाच कायदा लागू होता. स्टुडिओ बंद पडला, निगेटिव्ह हरवल्या, मालक वारला, तरी विरुद्ध करार नसेल तर हक्क आजोबांचा, आणि त्यांच्यामागे इतर मालमत्तेप्रमाणे वारसांचा. ते अल्बम स्कॅन करा, मोठे करा, भावंडांत वाटा. प्रिंटवाला कचरत असेल तर 'हे फोटो आमच्या कुटुंबानं मोबदला देऊन काढून घेतले आहेत, कॉपीराइट आमच्याकडे आहे' एवढं सही करून द्या. त्याला तेवढं पुरतं. आम्हालाही पुरलं. आबांचा सहावा फोटो आता ताईच्या बैठकीत आहे, तो आडवा आलेला हात तसाच ठेवून. तो हात माझा होता, हे मला फ्रेम भिंतीवर चढल्यावर बांगडीवरून कळलं.

भाच्याचं लग्न पुढच्या मार्गशीर्षात आहे. ताई बुकिंगला त्याच स्टुडिओत गेली, कारण काम त्यांचं चांगलं आहे. पावती पुन्हा गुलाबीच. या वेळी नावाच्या जागी भाचा आणि होणारी सून, दोघांची नावं. खाली ताईनं पेनानं लिहिलं: 'फोटो व व्हिडिओचा कॉपीराइट वधू-वरांचा. सर्व मूळ फाइल्स हार्ड डिस्कवर एका महिन्यात, हार्ड डिस्क पार्टीची.' स्टुडिओवाल्या दादांनी ते वाचलं, थोडा विचार केला आणि त्याखाली आपली ओळ घातली: 'इन्स्टाग्रामवर दहा फोटो, आधी दाखवून.' मग दोघांनी सह्या केल्या.